तुम्ही विचारलंत म्हणून: घेऊ की थांबू?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. एकदा तर दहाव्याला घाटावर, कावळा शिवायची वाट बघत उभे असताना, शेजारच्या गृहस्थांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कम्प्युटरचा नवीन प्रोसेसर येतोय म्हणे. मग आत्ताचा उतरेल ना? घेऊ की थांबू?"

मी पुटपुटतो. काम काय आहे त्यावर आहे, बजेट किती, बघू. मग पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "एवढं कळतं तुम्हाला, मग सरळ सांगत का नाही? भाव खाताय का?"

भाव खात नाही हो. भावानंच मला खाल्लंय. कसं ते आता एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, भाव ओळखण्यात मी चुकलो नव्हतो. हे मी आजही ठासून सांगीन. प्रोसेसरचा, म्हणजे कम्प्युटरच्या मेंदूचा, भाव भाजीसारखा रोज थोडा थोडा हलत नाही, तो जिन्यानं उतरतो. सगळ्यात वरच्या पायरीचा भाव साधारण ठरलेला असतो. नवा वेगवान नग आला की तो त्या पायरीवर बसतो आणि कालचा राजा खाली ढकलला जातो. कारखाना तोच, पुष्कळदा सिलिकॉनची चकतीही तीच. चाचणीत कुणी किती वेग झेपवला त्यावर शिक्का तेवढा वेगळा. 27 ऑगस्ट 2001 ला इंटेलचा 2 गिगाहर्ट्‌झचा पेन्टियम फोर आला 562 डॉलरला, आणि तोवर 562 ला असलेला 1.8 वाला 256 वर आला. डॉलर तेव्हा 47 रुपयांच्या आसपास. सव्वीस हजारांचा माल एकदम बारा हजारांवर! मी मार्चपासून घरी सांगत होतो की ऑगस्टच्या सुमारास मोठी घसरण आहे. गणपतीत झाली. आरतीच्या वेळी सुद्धा माझ्या डोक्यात 256 हाच आकडा होता.

आता हा कम्प्युटर कुणासाठी होता, ते सांगतो.

ताईसाठी. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. कराडमध्ये एका प्रेसवर डीटीपी, म्हणजे छपाईची पानं कम्प्युटरवर जुळवायचं काम, करायची, महिना बावीसशेवर. दिवसभर पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी अक्षरांचं): लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, वास्तुशांतीची आमंत्रणं. तिचा हिशोब सरळ होता. स्वतःचा कम्प्युटर घरी आला, की तेच काम पानावारी घ्यायचं. दोन भिशा आणि पाच वर्षांची काटकसर मिळून तिच्याकडे चाळीस हजार जमले होते. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घरातला कम्प्युटरतज्ज्ञ. मार्च 2001 मध्ये तिनं मला फोनवर विचारलं, "घेऊ का रे आता?"

मी म्हणालो, थांब.

एप्रिलअखेर इंटेलनं भाव एकदा कापले. मी म्हणालो, बघ, म्हटलं नव्हतं? अजून थांब. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक, बदलतोय, आत्ता 423 पिनांचा घेतलास तर पुढचा प्रोसेसर त्यात बसणार नाही, शिवाय त्याला रॅमबस नावाची रॅम (मेमरी) लागते, ती सोन्याच्या भावानं. हेही खरंच होतं. ज्यांनी तेव्हा घेतले त्यांचे बोर्ड पुढे अडकलेच. अहवालांचा हंगाम गेला. ताई प्रेसवर दुसऱ्यांसाठी टाइप करत राहिली.

ऑगस्टचे भाव आल्यावर मी रेल्वेनं मुंबईला गेलो. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. दुकानदारानं झेरॉक्स काढलेली रेट लिस्ट पुढे केली, त्यावर पेन्सिलीनं खाडाखोड. मी 256 चा आकडा सांगितला. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बॉस, वो अमेरिका का रेट है. हजार पीस लेगा क्या? अपना माल पुराने भाव का पडा है. और बिल मांगेगा तो टॅक्स अलग." जुना माल संपेपर्यंत पंधरा-वीस दिवस तरी जाणार होते. मी तेवढ्यासाठी परत आलो. मग सप्टेंबरात इंटेलच्या 845 चिपसेटचे, रॅमबस न लागणारे बोर्ड आले, पण ते जुनी, संथ एसडीरॅम घेणारे. इतका वेगवान प्रोसेसर घ्यायचा आणि त्याला स्ट्रॉनं पाणी पाजायचं? डीडीआर, म्हणजे नवी वेगवान रॅम, घेणारे बोर्ड जानेवारीत येणार होते. ताईला म्हणालो, आता एवढं थांबलीसच, तर अजून तीन महिने.

ती फक्त "बरं" म्हणाली. या "बरं"चा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

दिवाळीला घरी गेलो तर माजघरात शिवणाच्या मशीनवर एक कम्प्युटर. पिवळट पडलेलं कॅबिनेट, चौदा इंची मॉनिटर, त्याच्या कपाळावर लाल स्टिकर: 3. बसस्टँडजवळचा एक सायबर कॅफे बंद पडला होता, त्याच्या तिसऱ्या केबिनमधला हा नग. सेलेरॉन 433 (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर), 64 एमबी रॅम, सगळं मिळून साडेबारा हजार. मला न विचारता. प्रेसची नोकरी सोडून महिना झाला होता, तेही मला कुणी कळवलं नव्हतं. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका तिच्याकडे येऊ लागल्या होत्या.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. "भंगार" हा शब्द होता, एवढं आठवतं. ती म्हणाली, "असू दे. चालतंय ना? आणि हात लावू नकोस हं त्याला, सकाळी नऊला काम द्यायचंय."

रात्री सगळे झोपल्यावर मी हात लावला.

का, तर मला सिद्ध करायचं होतं. काय, ते विचारू नका. सेलेरॉन 300ए ची दंतकथा आमच्या हॉस्टेलला तोंडपाठ होती. 1998 चा तो नग, 66 ची बस (बोर्डाचा ठोका, ज्याच्या पटीत प्रोसेसर पळतो) 100 वर नेली की 300 चा 450 होऊन पळायचा, आणि फुकटात. इथे तर 433. मी कॅबिनेट उघडलं. आत बोटभर धूळ आणि एक मेलेलं झुरळ. ताईच्या केसांच्या चिमट्यानं बोर्डावरचा, बसचा वेग ठरवणारा, तांदळाच्या दाण्याएवढा काळा जंपर उपटला आणि 66 वरून 83 वर बसवला. या प्रोसेसरची पट साडेसहा; साडेसहा गुणिले 83, म्हणजे 540 च्या आसपास. स्क्रीनवर आकडा आला तेव्हा मला जी खुशी झाली, ती परीक्षा पास झाल्यावरही झाली नव्हती. पेजमेकर उघडला, तिची फाइल उघडली, एक ओळ सरकवून सेव्ह केली. हे बघ, तुझं भंगार मी पळवून दाखवलं, असं सकाळी म्हणायचं ठरवलं.

300ए ला जे जमलं ते इथे का जमत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मीच ते इतरांना समजावून सांगायचो. बस 100 वर नेली की बोर्ड हार्डडिस्कच्या वाटेचा वेग तिला तीननं भागून ठरवतो, 33, जसा असायला हवा तसा. 83 ला तो दोननंच भागतो. साडेएकेचाळीस. प्रोसेसर तो वेग आनंदानं सोसतो, डिस्कवर जाणारी अक्षरं मात्र वाटेत सांडतात.

दोन वाजता मशीन गोठलं. परत चालू केलं तर डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क सुरू झालं आणि निळ्या पडद्यावर एकेक चूक मोजू लागलं. जंपर मी परत 66 वर आणला, पण फाइल उघडेना. त्या एका फाइलमध्ये नऊ पत्रिका होत्या. ताई रोज फ्लॉपीवर प्रत काढायची. त्या दिवशीची काढायची होती ती सकाळी, प्रिंटला नेताना.

तिला उठवलं. ती चिडली नाही, रडली नाही. तोंड धुऊन आली, मशीनसमोर बसली आणि हाताने लिहिलेले नऊ कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "वाच."

मग पहाटे तीन ते साडेआठ मी वाचत होतो आणि ती टाइप करत होती. श्री गजानन प्रसन्न. चि. सौ. कां. अमुक, कै. तमुक यांची नात. आपले विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त ग्रामस्थ मंडळी. एका पत्रिकेत चौतीस भावकी होती, तीही मानपानाच्या क्रमानं. एक नाव वरखाली झालं तर लग्नात मारामारी. मी घाईनं वाचलं की ती मान न वळवता म्हणायची, "हळू. राव की राऊ?" आणि प्रत्येकीच्या तळाशी ते लहान अक्षरांतलं: आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं! नऊ वेळा ते मी मोठ्यानं वाचलं. सातव्यांदा माझा आवाज फाटला. तिची बोटं थांबली नाहीत.

साडेआठला तिनं फाइल फ्लॉपीवर घेतली, एकदा नव्हे, दोन फ्लॉप्यांवर. चप्पल घालताना विचारलं, "तुझं ते उतरलं का रे?"

हा टोमणा होता की खरंच चौकशी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा विचारलंही. तिला ते वाक्यच आठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं तर! थांबू नये, हे उत्तर. सांगा की सरळ.

तेवढं सोपं असतं तर लिहायला बसलोच नसतो. आधी आणखी एक कबूल करतो. पेजमेकरला पेन्टियम फोर कधीच लागत नव्हता. पेन्टियम टू सुद्धा पुरला असता. पेन्टियम फोर मला हवा होता, सुट्टीत घरी आल्यावर गेम खेळायला, ताईच्या पैशांनी. हे मी तेव्हा स्वतःशीही बोललो नव्हतो. आणि ताईचं खरं अडलं होतं ते प्रिंटरपाशी. छपाईला लागणाऱ्या बटर पेपरवर प्रिंट काढायला तिला दर वेळी दुसऱ्याच्या दारात जावं लागायचं. उरलेल्या पैशांत तिनं वापरलेला लेझर प्रिंटर घेतला. आठ महिन्यांत मी प्रिंटरचा भाव एकदाही पाहिला नव्हता.

पण त्या वेळच्या माझ्या बाजूनंही कुणीतरी बोललं पाहिजे. तो पोरगा म्हणत होता की किमती उतरतील, आणि त्या उतरल्या. त्याला न दिसलेली गोष्ट दुसरीच. त्या दिवाळीत सहा-सातशेला मिळणारा 128 एमबी रॅमचा तुकडा मार्च 2002 मध्ये दोन हजारांच्या घरात होता. प्रोसेसरवर वाचवलेले पैसे रॅमच्या घशात. मी त्याला बाजार म्हणालो, नशीब म्हणालो. पुढे 2004-05 मध्ये अमेरिकेत काही रॅम कंपन्यांनी कोर्टात कबूल केलं की त्या वर्षांत त्या आपसात संगनमत करून भाव ठरवत होत्या. घ्या! मी आलेख काढत बसलो होतो आणि तिकडे हे.

शिवाय "थांबू नये" हेही मी करून पाहिलंय. जुलै 2006. नोकरी होती, पैसे माझे होते. इंटेलचा कोअर टू ड्युओ 27 तारखेला येणार हे मला माहीत होतं. तो आला की इंटेलच्या स्पर्धक एएमडीला भाव पाडावे लागणार, हेही माहीत होतं. पण मी शपथ घातली होती, गरज आहे तेव्हा घ्यायचं. पहिल्या आठवड्यात एएमडीचा अ‍ॅथलॉन 64 एक्स2 3800+ घेतला. 24 जुलैला तो 303 डॉलरवरून 152 वर आला. तीन आठवडे! आणि गरज कसली, जुनं मशीन बरं चाललं होतं. बायको म्हणाली, "तुला मुहूर्त कळतो, फक्त उलटा." ऑक्टोबर 2011 मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्डडिस्कचे भाव दुपटीच्या घरात गेले, तेव्हा एका मित्राला मी नुकतंच "दिवाळीत घे, स्वस्त होईल" म्हणालो होतो. त्यानंतर मी लिफ्टमध्ये पुटपुटायला लागलो.

ताईचा तो सेलेरॉन 2007 पर्यंत चालला. आता तिची तीन मशीनं आहेत, हाताखाली दोन मुली आहेत. मशीन बदलताना ती मला विचारत नाही, आणल्यावर सांगते.

गेल्या महिन्यात मात्र भाचीचा फोन आला. आर्किटेक्चरला आहे, थ्रीडीचं काम, नवीन मशीन हवंय. 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम पळवली आणि भाव असे चढले की मला 2002 आठवलं. तिनं विचारलं, "मामा, घेऊ की थांबू?" मागून ताईचा आवाज आला, "त्याला नको विचारूस गं, तुझी डिग्री संपेल."

मी सांगितलंय, शुक्रवारी नवीन रेट येतात, ते बघून कळवतो. तीन शुक्रवार झाले.