गॅलियमच्या थेंबाचा पंप: हेड किती देतो?

मंडळी, द्रव धातूच्या थेंबाला वीज देऊन त्याच्याकडून द्रावण ढकलून घेणारा पंप मी बनवतोय. मागच्या नोंदीत डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, लावल्यावर थेंब सुरकुततो, इथवर आलो होतो. आता पंप चालतो आहे, तेव्हा प्रश्न हेडचा, म्हणजे तो पाणी किती उंच चढवू शकतो याचा. ॲक्रिलिकमध्ये लेसरने कापलेला बंद वाटोळा चर, त्याच्या तळाशी एका खळग्यात गॅलियम-इंडियमचा साधारण ३ मिमी व्यासाचा थेंब, वरून कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण आणि थेंबाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलच्या शिशाचे इलेक्ट्रोड. हलणारा भाग एकही नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. या द्रावणात थेंबाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि त्याला लगटून द्रावणातल्या धनभाराचा थर बसतो. दोन्ही टोकांना व्होल्टेज दिलं की धन इलेक्ट्रोडकडच्या बाजूला भार वाढतो आणि तिथला पृष्ठताण उतरतो. पृष्ठभाग कमी ताणाकडून जास्त ताणाकडे सरकतो आणि द्रावणाला सोबत ओढतो, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडकडे. थेंब मोकळा असता तर तो स्वतःच उलट दिशेला पळाला असता. खळग्यात अडकवला म्हणून पाणी पळतं. ताण आणि विजेचं हे नातं फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिपमनने १८७५ मध्ये पाऱ्यावर मांडलं. नोबेल मात्र त्याला १९०८ मध्ये रंगीत छायाचित्रणासाठी मिळालं! गॅलियमच्या मिश्रधातूचा असा पंप मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला.

सुरकुतण्याचं कारण ऑक्साइड. ऋण इलेक्ट्रोडकडे तोंड असलेल्या बाजूवर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो आणि ताणाचा खेळ थांबतो. डीसीऐवजी चौकोनी लहर (दोन पातळ्यांत झटक्याने उड्या मारणारं व्होल्टेज) लावली आणि तिला ऑफसेट दिला, म्हणजे सगळी लहर एका बाजूला सरकवली, की मधल्या विश्रांतीत कॉस्टिक तो पापुद्रा विरघळवतो. ऑफसेट काढून टाकला तर द्रावण जागच्या जागी थरथरतं, पुढे जात नाही. व्होल्टेज वाढवण्यापेक्षा या लहरीशी खेळण्यात जास्त फायदा आहे, असं माझं मत झालंय.

प्रवाह दिसावा म्हणून चिमूटभर हळद टाकली. सांगलीत तिची काय कमी! कॉस्टिकमध्ये ती लालभडक होते, पण रंग लवकर उतरतो, त्यामुळे रंगापेक्षा तरंगणारे कणच मोबाइलच्या व्हिडिओत मोजायला बरे पडतात.

माझे सासरे किर्लोस्करवाडीला पंपांच्या टेस्टिंगला होते. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला, “जावईबापू, पाणी फिरतंय ते दिसलं. पण हेड किती देतो?”

बंद चरात पाणी गोल फिरून परत येतं, त्यामुळे हेड कळतच नाही. मग कागदावर बसलो. दोन बाजूंच्या ताणात १० मिलिन्यूटन प्रति मीटर फरक धरला आणि थेंबाची त्रिज्या १.५ मिमी घेतली, तर दाब दुप्पट फरक भागिले त्रिज्या, म्हणजे सुमारे १३ पास्कल. पाण्याच्या भाषेत जेमतेम १.४ मिमी हेड. सासरे म्हणाले, “एवढ्यात पाणी वाफ्यातून वाफ्यातही जायचं नाही.”

खरं आहे. पण सूत्रात त्रिज्या खाली आहे. ताणातला फरक तेवढाच राखता आला, तर ०.१५ मिमी त्रिज्येच्या थेंबाला १४ मिमी हेड मिळेल. नेहमीच्या पंपातला पंखा लहान करत नेला की तो लंगडा पडतो. हा पंप लहान होताना तगडा होतो. म्हणून त्याची जागा रक्ताचा थेंब तपासणाऱ्या चिपमध्ये किंवा प्रोसेसर थंड करणाऱ्या बारीक वाहिन्यांत आहे, उसाच्या रानात नाही. रक्तात कॉस्टिक चालणार नाही, हा वेगळा प्रश्न.

अडचण बुडबुड्यांची. इलेक्ट्रोडवर सुटणारा वायू मोठ्या चरात वर निघून जातो, बारीक वाहिनीत मात्र बूच होऊन बसेल. त्यामुळे ॲक्रिलिकच्या पुढच्या तुकड्यात इलेक्ट्रोड दोन रुंद, उघड्या टाक्यांत आणि थेंब मधल्या अरुंद गळ्यात ठेवतोय. दोन्ही टाक्यांना उभ्या काचनळ्या लावल्या की सासऱ्यांना हेडही पट्टीवर मोजून दाखवता येईल.

करून बघणाऱ्यांनी गॉगल आणि हातमोजे घालाच, खोली हवेशीर ठेवा आणि ॲल्युमिनियमचं काहीही जवळ ठेवू नका. गॅलियम त्यात शिरून त्याचा भुगा करतं, आणि कॉस्टिकही त्याला खातं.