चिठ्ठी एक, माल दुसरा

सकाळी साडेनऊला एसपीआरच्या, म्हणजे रेणू प्रोटीनला चिकटतो का ते मोजणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर सपाट रेघ. ज्या रेणूपायी केमिस्ट्रीवाल्यांचे पाच आठवडे गेले, तो आमच्या प्रोटीनला चिकटतच नव्हता.

आणि सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनए वाचताना, केवढा चमकला होता! आमची लायब्ररी म्हणजे डीएनएची खूण लावलेल्या रेणूंचा साठा. ती तीन फेऱ्यांची, दर फेरीला रेणूला एक तुकडा जोडायचा, हजारांतला कुठलाही. म्हणजे 100 कोटी रेणू, करंगळीएवढ्या ट्यूबमध्ये, थेंबभर पाण्यात. प्रत्येकाच्या शेपटीला डीएनएची पट्टी, तीन तुकडे कोणते याची चिठ्ठीच. ब्रेनर आणि लर्नर यांनी 1992मध्ये मांडलेली ही कल्पना. प्रोटीन चुंबकी मण्यांवर बसवायचं, लायब्ररी ओतायची, न चिकटलेलं धुऊन काढायचं, चिकटलेलं तापवून सोडवायचं, पीसीआरने पट्ट्यांच्या भरपूर प्रती काढून त्या वाचायच्या. नुसत्या मण्यांवरही तेच करून पाहिलं होतं, तिथे काही नव्हतं. प्रोटीनच्या आलेखात मात्र ठिपक्यांची लांबच लांब रेघ: पहिला तुकडा तोच, दुसरा तोच, तिसरा कुठलाही. "तिसरा बाहेर लोंबत असणार, कुठलाही घ्या," हे मीच मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं.

चहाला केमिस्ट्रीच्या मॅडम भेटल्या. कप तसाच ठेवून त्यांनी टिश्यूवर रेणू काढला. "अगं, हा दुसरा तुकडा बघ. तिसरा जोडायचा तो या अमाइनवर, आणि त्याच्या शेजारच्या कार्बनवर दोन-दोन मिथाइल. इतक्या अडचणीत तिसरा चढलाच नसेल तर?"

मी गप्पच झाले. पट्टी लायगेज नावाचं एन्झाइम जोडतं, तुकडा केमिस्ट्री जोडते; प्लेटच्या खळग्यात काय टाकलं तेवढंच पट्टीला ठाऊक. आमच्या घरी बोर्नव्हिटाच्या डब्यात कायम तूरडाळ असायची, तसलाच प्रकार. तिसऱ्याशिवायच्या अर्धवट रेणूवर हजारही चिठ्ठ्या लागल्या असणार, म्हणून ती ठिपक्यांची रेघ!

"पण तुम्ही तर जोडलात की!"

"रात्रभर तापवून, जोर लावून. डीएनएला ते झेपलं नसतं."

जोडण्याआधीचा, मोकळ्या अमाइनचा रेणू त्यांच्या फ्रीजरमध्ये होताच. सहा मिलिग्रॅम. मी लगेच त्याची कमी-जास्त मात्रेची द्रावणं एसपीआरला लावली.

साडेसहाला रेघ वर चढली, मात्रेगणिक आणखी वर. पकड मायक्रोमोलरच्या घरात, म्हणजे फार घट्ट नाही, पण रेणू लहान आणि हलका, पुढे वाढवायला जागा असलेला. मॅडमना फोन केला, तर त्या बसमध्ये बसल्यासुद्धा होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "उरलेलं परत फ्रीजरमध्ये ठेव. आणि लेबल नीट लाव गं."