चुन्यातल्या चर्चला सिमेंट का सोसत नाही

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, पॅरिश (स्थानिक वस्तीचं) चर्च ओळखायला सोपं असतं. लांबट सभागृह, दोन्ही बाजूंना टोकदार कमानींच्या अरुंद खिडक्या, भिंतीबाहेर उतरते बट्रेस (भिंतीला टेकू देणारे खांब), आत सागवानी कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी लाकडी सांगाड्यांवर) उतरतं छप्पर. वेदी पूर्वेला आणि बाप्तिस्म्याचं कुंड दाराजवळ. जागेअभावी वेदी दुसरीकडे असली, तरी त्या टोकाला पूर्वच म्हणतात. जुने दुरुस्ती अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवा. नागपुरात हा घाट आधीच रुजला होता. सदर भागातलं ऑल सेंट्स चर्च १८५१ चं, सँकी या लष्करी इंजिनिअरने बांधलेलं. पुढे बॉडली या इंग्लिश वास्तुविशारदाच्या आराखड्याने ते वाढलं आणि १९०३ मध्ये त्याला कॅथेड्रलचा मान मिळाला.

अशा इमारती पावसाने जेवढ्या बिघडत नाहीत, तेवढ्या सिमेंटने बिघडतात. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, म्हणजे भिंतीतली ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून. त्या सिमेंटने बुजवल्या की बारीक भेगांतून पाणी आत जातं, पण सुकायला वाट उरत नाही. मग आतल्या गिलाव्याला पोपडे येतात, पांढरा क्षार फुलतो. खिडक्यांच्या चौकटी वालुकाश्माच्या असतील तर जास्त वाईट, कारण क्षार त्यांच्याच पृष्ठाखाली साठतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

दर्जा भरण्याआधी वरचं काम उरका: फुटकी कौलं, छप्पर भिंतीला भिडतं तिथले सांधे, कडुनिंबाच्या पाल्याने तुंबलेली पन्हळ. कैचीचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. आरामात आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. कौलं काढून पत्रा टाकायचा मोह आवरा. उन्हाळ्यात आत भट्टी पेटते आणि पावसात प्रवचन ऐकू येत नाही.

दर्जा छिन्नी-हातोडीनेच उकराव्यात, ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. खोली रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी. धूळ झाडून सांधा ओला करायचा, मग मुरवलेल्या चुन्याचा एक भाग आणि धुतलेल्या वाळूचे तीन भाग असा घट्ट माल दाबून भरायचा. वाळूत थोडी सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घातली की ओलसर जागी माल चांगला धरतो. ओलं गोणपाट किमान आठवडाभर. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, हे काम काढूच नये. चुना धरण्याआधीच सुकतो आणि बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम बरा.

एक खास नागपुरी दुखणं म्हणजे खिडकीला लावलेला कूलर. त्याचं पाणी चौकटीवरून ठिबकत राहतं आणि ऐन मे महिन्यात भिंत ओली दिसते. ठेकेदार छप्पर गळतंय म्हणतो. कूलर खिडकीपासून सुटा, स्टँडवर ठेवा.

उभ्या भेगेत मात्र चुना भरण्याची घाई नको. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख टाका, शेजारी दोन खुणा करून त्यांच्यातलं अंतर दर महिन्याला मोजा. वर्षभरात ते ऋतूप्रमाणे कमी-जास्त झालं तर माती हलतेय. आधी जोत्यालगतचं पाणी दूर न्या. अंतर नुसतं वाढतच गेलं तर पाया खचतोय, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.