तुम्ही विचारलंत म्हणून: तुर्कीत पँटला काय म्हणायचं?

कुणी इस्तंबूलला निघालेलं असतं, कुणी तुर्की शिकायला घेतलेली असते, कुणाचा तयार कपड्यांचा व्यवहार असतो. प्रश्न मात्र थोड्याफार फरकाने एकच येतो: पँटला तुर्कीत काय म्हणतात, आणि इंग्रजी शब्द वापरला तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर 'पान्तोलोन'. दुसऱ्याचं उत्तर, शक्यतो नको. कपड्यांच्या बाबतीत मराठी माणसाने इंग्रजीला वळसा घालून थेट मराठीतून तुर्कीत जावं, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं सांगतो.

मुळात इंग्रजीच एक नाही. 'पँट्स' म्हणजे अमेरिकेत बाहेरची पँट आणि ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी आतली चड्डी. बाहेरचीला तिथे 'ट्राउझर्स' म्हणायचं. 'व्हेस्ट' ब्रिटनमध्ये बनियान, अमेरिकेत सुटाचं जाकीट. पँट खांद्यावरून धरून ठेवणारे पट्टे ब्रिटनमध्ये 'ब्रेसेस', अमेरिकेत 'सस्पेंडर्स'. आणि ब्रिटिश दुकानात 'सस्पेंडर्स' मागितलेत तर बायकांचे लांब मोजे अडकवायचे पट्टे पुढ्यात येतील. 'निकर्स' हा ब्रिटनमध्ये बायकांच्या अंतर्वस्त्राचा शब्द. आपण 'निकर' म्हणतो ती मुलांची अर्धी चड्डी. आता यातलं कुठलं इंग्रजी तुम्ही भाषांतराच्या यंत्रात घालणार? यंत्र 'पँट्स'चं कधी 'पान्तोलोन' करतं, कधी 'क्युलोत'. 'क्युलोत' म्हणजे आतली चड्डी.

दुसरी अडचण वचनाची. इंग्रजीत एका पँटलाही अनेकवचन लागतं आणि मोजायला 'पेअर' म्हणावं लागतं. 'ब्रीचेस', म्हणजे गुडघ्यापर्यंतची विजार, या शब्दात तर हे दोनदा झालंय: जुन्या इंग्रजीतलं त्याचं रूप आधीच अनेकवचनी होतं, त्यावर पुन्हा 'एस' चढला. पूर्वी दोन पायांचे दोन वेगळे कपडे असत म्हणून असं, ही गोष्ट सांगितली जाते. युरोपात तसे सुटे पाय वापरात होते हे खरं, पण कात्री, चिमटा, चष्मा यांनाही इंग्रजी अनेकवचनच लावते; दोन सारखे भाग जोडलेले दिसले की ती तसं करते. मराठीत एक पँट, एक कात्री, एक चष्मा. तुर्कीतही अगदी तसंच: 'बिर पान्तोलोन', एक पँट. दोन हव्या असतील तर 'इकि पान्तोलोन'. आकडा आला की तुर्की नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागतच नाही. इंग्रजीवरून आलेले लोक इथे 'बिर चिफ्त पान्तोलोन' म्हणतात. 'चिफ्त' म्हणजे जोडी, ती बूट आणि मोजे यांची. ऑर्डरच्या कागदावर हा शब्द पँटीपुढे पडला तर समोरचा दोन नग धरू शकतो आणि हिशेब बिघडतो.

आता फसवणारे शब्द. यात मी सगळ्यात वर 'कोत' ठेवीन. मराठी कानाला तो कोटच वाटतो, पण तुर्कीत 'कोत' म्हणजे जीन्स. मुहतेशेम कोत नावाच्या उत्पादकाने तुर्कस्तानात जीन्स शिवून विकल्या आणि त्यांचं आडनावच कपड्याला चिकटलं. सुटाचा कोट हवा असेल तर 'जेकेत' म्हणा, थंडीचा लांब कोट हवा असेल तर 'पाल्तो'.

'क्युलोत' दुसरा. आपल्याकडे हल्ली 'क्युलॉट्स' या नावाने घेरदार, पोटरीपर्यंतची बायकांची पँट विकली जाते. इस्तंबूलच्या दुकानात हाच शब्द उच्चारलात तर सरळ अंतर्वस्त्रांकडे बोट दाखवतील. हव्या त्या पँटेसाठी 'बोल पाचा' म्हणजे सैल पायाची, असं सांगा. 'ताय्त' इंग्रजी 'टाइट्स'वरून आला, पण त्याचा अर्थ लेगिंग्ज. पावलांसकट पाय झाकणारे पातळ टाइट्स हवे असतील तर ते 'क्युलोतलु चोराप', शब्दशः चड्डीवाले मोजे.

'दोन'ही लक्षात ठेवा. उच्चार आपल्या २ या आकड्यासारखाच, अर्थ चड्डी. जुन्या तुर्कीत तो एकूण कपड्याचा शब्द होता आणि घोड्याच्या रंगाला अजूनही 'दोन'च म्हणतात. पण आज दुकानात मराठी सवयीने बोटं दाखवत 'दोन' म्हणू नका, 'इकि' म्हणा.

ओळखीचे वाटणारे फारसी-अरबी शब्द खूप आहेत आणि मराठीतून जाण्याचा फायदा इथेच होतो. 'तेर्झी' म्हणजे दर्जी, शिंपी. 'केमेर' आणि आपली कंबर एकाच फारसी शब्दातून आली, फक्त तुर्कीत तो कंबरपट्टा झाला. खुद्द कंबरेला तुर्कीत 'बेल' म्हणतात, म्हणून 'बेल' ऐकून पट्टा समजू नका. 'केसे' हा आपल्या खिशाचा सख्खा भाऊ, पण अर्थ थैली. पँटीचा खिसा 'जेप', हिंदीतल्या जेबेसारखा. मराठीत पूर्वी विजारीला 'तुमान' म्हणत. त्याच घराण्यातला 'तुमान' अझरबैजानीत बायकांच्या घागऱ्यासाठी वापरतात.

'शालवार' आणि आपली सलवार यांचं मूळ एकच, पण कपडा हुबेहूब तोच नाही. तुर्की शालवारचा 'आऽ', म्हणजे दोन पायांमधला भाग, बराच खाली लोंबतो, कधी गुडघ्यापर्यंत. कंबरेला 'उचकुर', म्हणजे नाडी, नाहीतर 'लास्तिक'. अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, गावांत बायका फुलाफुलांच्या छापील सुती कापडाची शालवार नेसतात, पुरुषही घालतात. सलवार-कमीजचा जोड मात्र या शब्दात बसत नाही. १८५१ साली अमेरिकेत अमेलिया ब्लूमर यांनी आखूड झग्याखाली घोट्याशी चुणलेल्या सैल विजारीचा पुरस्कार केला, तेव्हा त्या पोशाखाला 'तुर्की' म्हणत. पुढे त्यांचंच नाव त्याला पडलं, ब्लूमर्स. आज 'हॅरेम पँट्स' म्हणून विकतात त्याच्याही मागे हीच शालवार आहे. तुर्कस्तानात ती मागताना 'शालवार' म्हणा. 'हॅरेम' म्हणायची काही गरज नाही.

पायजमा आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि युरोपातून फिरून तुर्कीत 'पिझामा' झाला. वाटेत त्याचा अर्थ रात्रीच्या कपड्यांचा पूर्ण जोड असा झाला. फक्त खालचा हवा असेल तर 'पिझामा आल्तं', वरचा 'पिझामा उस्त्यू'. 'आल्त' म्हणजे खाल, 'उस्त' म्हणजे वर. हीच युक्ती ट्रॅकसूटला: पूर्ण जोड 'एशोफमान', नुसती ट्रॅक पँट 'एशोफमान आल्तं'. डंगरी, म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट, हा तर मुंबईच्या डोंगरीचा शब्द. तिथलं जाडंभरडं सुती कापड इंग्रजांनी त्या नावाने नेलं. तुर्कीत तिला 'सालोपेत' म्हणतात. कारखान्यातला अंगभर एकसंध पोशाख मात्र 'तुलुम'.

दुकानात माप विचारतील ते 'बेदेन'. जीन्सवर आपल्यासारखेच इंच असतात: ३२/३४ म्हणजे कंबर ३२, आतली लांबी ३४. पुरुषांच्या सुटाच्या पँटीवर युरोपीय आकडे असतात. ४८ म्हणजे साधारण ३२ इंच कंबर, ५० म्हणजे ३४, ५२ म्हणजे ३६. आकडा पाहून दचकू नका, पण घालून पाहिल्याशिवाय घेऊही नका, कारण कापणी ब्रँडप्रमाणे बदलते.

पँटीच्या पायाला, विशेषतः खालच्या टोकाला, 'पाचा' म्हणतात. 'दार पाचा' अरुंद, 'इस्पान्योल पाचा' बेलबॉटम, 'दुब्ले पाचा' बाहेर दुमडलेली पट्टी. लांब झाली तर तेर्झीला सांगायचं वाक्य: 'पाचादान ऊच सान्तिम कसाल्तर मसनझ?' पायातून तीन सेंटीमीटर आखूड कराल का? इंचात सांगू नका, तिथे शिंपी सेंटीमीटरवर चालतो. एक इंच अडीच सेंटीमीटरच्या किंचित वर धरा. माप देताना नेहमीचे बूट पायात ठेवा. आणि कापड पूर्ण सुती असेल तर आधी विचारा, 'बु कुमाश चेकेर मि?', हे कापड आटतं का? 'चेकेर' असं उत्तर आलं तर आधी एकदा धुऊन वाळवा, मगच कापायला द्या. नाहीतर तीन सेंटीमीटर शिंपी घेतो, वर आणखी थोडं पाणी घेतं, आणि वाढवायला आत कापड उरलेलं नसतं.