ठाण्याची खाडी ते चंद्रताल

ठाण्याजवळच्या येऊरची चढण न थांबता करणारेही हिमाचलमधल्या चंद्रताल तलावाला डोकं धरून बसतात. ठाणं समुद्रालगत, तलाव सुमारे ४,३०० मीटरवर. पायात दम असला म्हणून विरळ हवा झेपतेच असं नाही. मनालीहून एका दिवसात वर चढण्यापेक्षा किन्नौरमार्गे जा, वाटेत स्पितीतल्या काझाला दोन रात्री काढा, मगच कुंझुम खिंड ओलांडा. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर गोळी घेऊन वर थांबू नका, खाली उतरा.

तलाव २००५ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. काठावर तंबू लावता येत नाहीत, गाडीही तलावाच्या अलीकडेच थांबते. काठाची ओली, मऊ जमीन टाळून चाला. दुपारी वारा बोचतो, फेरी सकाळीच उरका. आणि हो, तिथे पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय खिचडीची डाळ कच्चीच राहते.