मावशींचा डावा हात

"ह्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही," मावशींनी गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला ठणकावलं. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

मावशींच्या दंडातून पीआयसीसी लाइन, म्हणजे कॅन्सरचं औषध सोडायची बारीक नळी गेलीय, थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत. केमो संपेपर्यंत ती तिथंच. आठवड्याला ड्रेसिंग बदलायचं, सलाइनने फ्लश करायचं, म्हणजे नळी आतून धुवायची, तेही १० एमएलच्या सिरिंजनेच. लहान सिरिंजचा दाब जास्त, नळी फुटू शकते. हे सगळं मावशींना तोंडपाठ. शाळा चौथीपर्यंत!

डॉक्टर भला माणूस, पण म्हणाले, "मी ही नळी कधी हाताळली नाही, शहरातच जा." म्हणजे थोडक्या वेळाच्या कामासाठी एसटीने दिवसभराचा हेलपाटा, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

आंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळायचं, धुणं सुनेकडे. थंडी वाजून ताप आला तर मात्र गोळी घेऊन झोपायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. सुनेलाही हे पढवून ठेवलंय.

डिस्चार्ज देताना पेशंटला एवढं शिकवतात, उत्तमच. मग तालुक्याच्या एखाद्या नर्सला हेच शिकवायला काय हरकत आहे? तुमच्या भागात हे काम कोण करतं?