उतार नसलेलं प्लंबिंग

बोटीवरच्या संडासाबद्दल नाशिकहून कुणी आपणहून विचारत नाही. गंगापूर धरणाच्या बोट क्लबात फेरी मारून आलेल्याला तो प्रश्न पडायचं कारणही नाही. सिअ‍ॅटलमध्ये आम्ही एक जुनी, ३० फुटी शिडाची बोट घेतली म्हटल्यावर लोक वादळांबद्दल विचारतात, व्हेल दिसतात का विचारतात, फोटो मागतात. आमचा एप्रिल आणि मे मात्र कमोड, मैल्याची टाकी आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांत गेला.

या कामात माझा सल्लागार म्हणजे माझा मामा. इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत बंगल्यांची प्लंबिंगची कामं त्याने उभा जन्म केली. त्याचा व्हिडिओ कॉलवरचा पहिला प्रश्न, "अगं, उतार किती दिलास?" चार इंची पाईपला चाळीसास एक, हे त्याचं गणित. उतार बरोबर असला की बाकीचं पाणी बघून घेतं.

बोटीत नेमका उतारच नाही. बहुतेक शिडाच्या बोटींत कमोडचं भांडं बाहेरच्या समुद्राच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम बरोबरीला असतं. वारा भरला की बोट एका कुशीवर कलते, दिशा बदलली की दुसऱ्या. आत्ता जो उतार आहे तो दहा मिनिटांनी चढ होतो. म्हणून सगळं काम पंपावर. कमोडच्या बाजूला एक दांडा असतो, तो वर-खाली हलवायचा. बोटीच्या तळाशी असलेल्या भोकातून पाऊण इंची नळीने समुद्राचं पाणी भांड्यात येतं आणि भांड्यातलं सगळं दीड इंची नळीने टाकीकडे ढकललं जातं. पंपाच्या तोंडाशी एक रबरी व्हॉल्व्ह असतो, गेलेलं परत येऊ नये म्हणून. तो वर्षाकाठी बदलायचाच, चांगला दिसत असला तरी.

यातला खरा धोका वासाचा नाही, बोट बुडण्याचा आहे. ड्रममधून नळीने पाणी काढताना एकदा ओढ लागली की पाणी आपोआप वाहत राहतं, तेच इथे उलट्या दिशेने होतं. समुद्र वर, भांडं खाली, मध्ये पाण्याने भरलेली नळी. पंपातला एखादा व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिला की समुद्र निवांतपणे आत येत राहतो. धक्क्याला बांधलेल्या, आत कुणी नसलेल्या बोटी बुडण्याची ही एक नेहमीची वाट. त्यावर उपाय म्हणजे नळीला एक उंच वळसा द्यायचा, बोट पूर्ण कललेली असतानाही पाण्याच्या पातळीच्या वर राहील इतका, आणि त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवायचा. हवा आत शिरली की ओढ तुटते. पाणी आत घेणाऱ्या नळीवर हा वळसा पंप आणि भांडं यांच्या मध्येच हवा. पंपाच्या अलीकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला टाकला तर पंप पाण्याऐवजी हवाच ओढत बसतो. मामाला हे मी अर्ध्यात सांगेपर्यंत समजलं होतं. घरच्या नळांचे जोड गळू नयेत म्हणून लावतात तो सफेदा आणि सूत इथे लावायचं नाही, हे मात्र त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. नळी कडक असते, ती कढत पाण्यात बुडवून, साबण लावून तोटीवर रेटून चढवायची आणि प्रत्येक टोकाला स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा. कपाटाच्या आत खांद्यापर्यंत हात घालून, दिसत नसलेला स्क्रू पिळायचा. नवरा टॉर्च धरून सूचना देत होता. त्या भागावर जास्त लिहीत नाही.

टाकी का हवी, थेट समुद्रात का नाही? कारण इथे ते बेकायदा आहे. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडायला बंदी आहेच. त्यातून आम्ही राहतो तिथली प्युजेट साउंड ही समुद्राची खाडी आणि शहरातली लेक वॉशिंग्टन, लेक युनियन ही तळी मे २०१८ पासून पूर्ण 'काहीही सोडायचं नाही' या क्षेत्रात आली. प्रक्रिया करून सोडायचं म्हटलं तरी चालत नाही. कारण प्युजेट साउंडच्या पाण्यात शिंपल्यांची शेती होते. बऱ्याच बोटींत टाकी आणि समुद्र यांमध्ये निवड करणारी दोन वाटांची तोटी असते आणि बंदीच्या पाण्यात ती समुद्राकडे वळणार नाही अशी कुलूपबंद किंवा बांधून ठेवावी लागते. आम्ही ती तोटीच काढून टाकली, समुद्राकडची वाट बंद केली. तळाला एक भोक कमी झालं, हे मला कायद्याइतकंच आवडलं.

टाकी आहे १५ गॅलनची, म्हणजे साधारण ५७ लिटर, जाड प्लॅस्टिकची. घरच्या फ्लशला सहा लिटर लागतात असं धरलं तर नऊ वेळांत ती भरेल. हातपंपाला त्याच्या निम्म्याहूनही कमी पाण्यात भागवता येतं. तरी चार माणसं शनिवार-रविवार बोटीवर असली की काटा बघावा लागतो. नाशिकला एक बटण दाबलं की विषय संपतो. पुढे तपोवनच्या मलनिस्सारण केंद्रात काय होतं, की वाटेतच एखादा नाला गोदावरीला मिळतो, याचा हिशेब आपण ठेवत नाही. इथे तो लिटरात समोर असतो.

आता वास. माझ्या मते सगळी बाजारातली रसायनं एका बाजूला आणि जाड व्हेंट पाईप एका बाजूला. आमच्या जुन्या घराच्या सेप्टिक टँकला गच्चीपर्यंत नेलेला पाईप होता, तो घाण वायू डोक्यावरून बाहेर सोडण्यासाठी. बोटीच्या टाकीला पाईप लागतो तो हवा आत यावी म्हणून. हवा मिळाली की प्राणवायूवर जगणारे जिवाणू काम करतात आणि त्यांना फारसा वास नसतो. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे वाढतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. जुन्या बोटीत बसवलेला व्हेंट ५/८ इंची, वळणं घेत गेलेला होता. आम्ही एक इंची, आखूड आणि शक्य तितका सरळ टाकला. बाहेरच्या तोंडाला कधी कुंभारमाश्या मातीचं घर करतात, ते तपासत राहायचं. व्हेंट बुजलेला असताना पंप मारत राहिलं तर टाकीत दाब वाढतो. आणि उपसा करायला गेलं तर टाकी आत चेपते.

वासाचा दुसरा उगम म्हणजे नळी. स्वस्त नळी कालांतराने आतला वास बाहेर झिरपू देते. परीक्षा सोपी: गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती गुंडाळायचं, थंड झाल्यावर बाजूला नेऊन हुंगायचं. फडक्याला वास आला तर नळी गेली. आम्ही हुंगलं. नळ्या बदलल्या. जुनी नळी कापली तेव्हा आत बोअरच्या पाण्याच्या गीझरमध्ये जमतो तसा क्षाराचा थर होता, कारण लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की कॅल्शियमचा थर बसतो. अधूनमधून व्हिनेगर घालून ठेवलं तर तो आटोक्यात राहतो. बोट सोडून घरी जाताना गोड्या पाण्याने पंप मारून नळ्या धुवायच्या, नाहीतर आत अडकलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव मरून दुसराच वास तयार होतो.

आपल्या सवयीचा इथे फायदाच होतो. बोटीत अडकण्याचं मोठं कारण कागद आणि ओले वाइप्स. न्हाणीघरात हातशॉवर असतोच, तोच आमचा जेट. फक्त ते पाणीही टाकीतच जातं, त्यामुळे बेतानं.

टाकी भरली की बंदरातल्या उपसा केंद्रावर जायचं. डेकवर एक झाकण असतं, त्यात जाड नळीचं तोंड दाबून धरायचं, मशीन सुरू करायचं. नळीला मध्ये एक पारदर्शक तुकडा असतो, त्यातून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धरून ठेवायचं, मग टाकीत पाणी घालून पुन्हा एकदा. बऱ्याच ठिकाणी हे फुकट असतं. १९९२ च्या एका केंद्रीय कायद्याने यासाठी पैसे मिळतात आणि ते येतात मासेमारीच्या सामानावरच्या आणि बोटींच्या इंधनावरच्या करातून. डेकवर पिण्याच्या पाण्याचं, डिझेलचं आणि मैल्याचं अशी तीन झाकणं आहेत. आम्ही तिन्हींवर मराठीतही लिहिलंय.

जुलैत आई-बाबा येताहेत. परवा आईला कॉलवर सगळं चालवून दाखवलं. दांडा कसा हलवायचा, किती वेळा, नंतर तळाच्या भोकाची तोटी कशी बंद करायची. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रात्री आवाज येतो का गं?"

येतो. शेजारच्या बोटीपर्यंत.